उताणी उडी

आमची स्कूटर पानाच्या टपरीपाशी वळली की माझ्या पाठीत एक बोट टोचतं. "अवं, गॅस बंद केलाय का मी?" हे रोजचं आहे. मी म्हणतो, केलाय. ती म्हणते, तुम्ही बघितलं का? मी म्हणतो, बघितलं न्हाई, पण केला असशील. मग पुढच्या चौकात परत बोट. शेवटी मी स्कूटर वळवतो, कारण न वळवता पुढे गेलो तर दिवसभर माझंच डोकं शिजतं. घरी येऊन बघावं तर गॅस बंद. एकदाही, म्हणजे एकदाही तो चालू सापडलेला नाही.

ही माझी बायको विनया. साठी ओलांडलेली, अंगाने शिडशिडीत, बोलायला कमी आणि कामाला वाघ. मी हणमंत जगदाळे, फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झालो. शेवटचं पोस्टिंग जयपूरच्या छावणीत होतं, मुलगी मैथिली तेव्हा इथेच कॉलेजात होती, म्हणून शहराच्या मानसरोवर भागात घर घेतलं आणि राहून गेलो. खटाव तालुक्यातलं आमचं गाव आता लग्नाकार्यापुरतं. बारा गावचं पाणी प्यायलेली म्हणतात ना, ती ही बाई, आणि तेही सगळं माझ्या बदल्यांपायी. प्रत्येक क्वार्टर सोडताना ट्रकमध्ये सामान चढायचं, जवान ताटकळायचे, आणि ही परत आत जायची. रिकाम्या खोल्यांतून एकेक कोपरा बघून यायची. मला चीड यायची. अजूनही येते.

पण मी सांगायला बसलोय ते तिच्या पोहण्याचं. गुडघे कुरकुरायला लागले तेव्हा डॉक्टरांनी तिला पाण्यात चालायला सांगितलं. पाण्यात चालायचं, हे ऐकून मी हसलो. पोहण्याच्या तलावावर पहिल्या दिवशी बायकांच्या बॅचमधल्या सगळ्या जणी कठड्याला धरून पाय आपटत होत्या. ही उताणी झाली आणि आभाळाकडे बघत सरळ पलीकडच्या टोकाला जाऊन टेकली. माहेरच्या विहिरीत शिकलेलं पोहणं. लग्नानंतर विहीर सुटली, पण पोहणं सुटलं नव्हतं. तिथले कोच रणजितसिंहजी शिट्टी तोंडातच ठेवून माझ्याकडे वळले. "फौजी साहब, ये आपकी मिसेस हैं? पहले क्यों नहीं लाए?"

मग सुरू झाल्या स्पर्धा. वय झालेल्यांच्याही पोहण्याच्या शर्यती असतात, वयोगटांप्रमाणे, हे मला तोवर ठाऊक नव्हतं. बॅकस्ट्रोक, म्हणजे उताणं पोहणं, हा विनयाचा प्रकार. एकदा लय लागली की तिच्या वयात तिला गाठणारी जयपुरात कुणी नव्हती. घोडं अडायचं ते सुरुवातीला.

बाकीचे पोहणारे वरून सूर मारतात. बॅकस्ट्रोकवाल्यांना आधी पाण्यात उतरावं लागतं. भिंतीकडे तोंड करून वरच्या दांडीला लोंबकळायचं, तळपाय भिंतीला टेकवायचे, हाक आली की अंग दांडीजवळ ओढून घ्यायचं. आणि भोंगा वाजला की मान मागे टाकायची, पाठीची कमान करायची आणि न बघता मागे झेप घ्यायची. हात जिथे पाण्यात शिरतील तिथूनच डोकं, कंबर, पाय, सगळं आत गेलं पाहिजे. विनया झेप घेत नव्हती. ती बसत होती. भोंगा वाजला की बुडकन आवाज यायचा, पाटावर बसावं तशी ती पाण्यात बसायची, आणि बाकीच्या जणी पुढे निघून गेलेल्या असायच्या. मग हात मारमारून त्यांना गाठायचं आणि शेवटी वीतभराने हरायचं. वीतभराने हरलेलं बघायला फार वाईट असतं. सडकून हरलेलं परवडतं.

यंदाच्या उन्हाळ्यात रिलेचा संघ निवडायचा होता. चार बायका, चार प्रकार, आणि त्यात पहिली फेरी बॅकस्ट्रोकची. हा संघ राज्याकडून राष्ट्रीय स्पर्धेला जाणार. त्या एका जागेसाठी विनया होती आणि शेखावत मॅडम होत्या. शेखावत मॅडम शाळेच्या मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या. पोहायला विनयापेक्षा सावकाश, पण त्यांची सुरुवात बघत राहावी अशी. रणजितसिंहजी विनयाला म्हणाले, "भाभीजी, तैरना आपका अच्छा, स्टार्ट इनका अच्छा. मैं किसको भेजूँ? जून के पहले इतवार को दोनों साथ उतरिए. जो पहले हाथ लगाए, जगह उसकी."

घरी येऊन ती भेंडी चिरायला बसली. चिरता चिरता, मान वर न करता म्हणाली, "मला ती जागा पायजे."

मी पेपर खाली ठेवला. इतक्या वर्षांत 'मला पाहिजे' हे शब्द मी तिच्या तोंडून साडीच्या दुकानातसुद्धा ऐकले नव्हते. तिथेही ती म्हणते, बघा, तुम्हांला बरी वाटती का. ती जागा तिला हवी होती, म्हणून मलाही हवी झाली. त्या दिवसापासून माझं कशातच चित्त लागेना.

फौजेत अडचणीला एकच औषध, सराव. मी हॉलमध्ये गाद्या अंथरल्या, तिला दिवाणावर पाठमोरी उभी केली आणि सांगितलं, डोळे मीट, मान मागं टाक, पड. ती पडायची, पण हनुवटी छातीला चिकटवून. मी मागे हात पसरून उभा राहिलो, तर म्हणाली, "अवं, तुमची पाठ धड हाय का मला झेलायला?" मी म्हणालो, माझ्या पाठीचं तू बघू नकोस. ती म्हणाली, मग कोण बघणार? शेवटी एका दुपारी दिवाणाचा पाय मोडला. तिची मान मात्र मागे गेली नाही.

मे महिना लागला. जयपूरच्या मे महिन्यात दुपारी कुत्रंही सावली सोडत नाही. कूलर घरघरायचा, पडदे ओढलेले असायचे, आणि त्या अर्धवट अंधारात ही घरभर फिरत मान मागे टाकायची. भांडी घासताना टाकायची, कपडे वाळत घालताना टाकायची. शेजाऱ्यांनी मला फाटकाशी गाठून हळूच विचारलं, "भाभीजी को चक्कर आते हैं क्या?" मी म्हणालो, चक्कर मला येतात, तिला काही होत नाही.

जे मला नि कोचला दिसलं नाही ते मैथिलीच्या फोनने दाखवलं. मैथिली इथल्याच एका आयटी कंपनीत आहे. तिचं मराठी हिंदीचा हात धरून चालतं, पण डोळा तिखट. एका रविवारी ती तलावावर आली, आईच्या सुरुवातीचा व्हिडिओ काढला आणि घरी येऊन तो अगदी सावकाश करून आमच्यासमोर धरला.

"मम्मी, तू मागे बघतेस."

"मी? मी कुठं बघती?"

"मतलब भोंग्याच्या आधी. हे बघ ना. इथे."

दांडी धरलेली, अंग वर ओढलेलं, आणि भोंगा वाजायच्या जरा आधी विनयाची हनुवटी डाव्या खांद्याकडे वळते. डोळ्याच्या कडेने मागचं पाणी बघून घेते आणि परत येते. इतकं झटकन की साध्या नजरेला पत्ता लागू नये. मान अशी वळत असताना ती मागे कशी जाणार? खांदा वाकडा, कंबर खाली, आणि बुडकन.

माझं डोकं फिरलं. "अगं, मागं काय हाय बघायला? पाणी हाय. दोन्ही बाजूंना दोऱ्या बांधल्यात. तिथं कोण यायचंय?"

"मला ठाव हाय ते."

"मग?"

"मानंला ठाव न्हाई," ती म्हणाली आणि फोन मैथिलीच्या हातात देऊन आत गेली.

त्याच दुपारी आंधी आली. आभाळ पिवळं पडलं, मग तांबडं. आम्ही धावपळ करून खिडक्या लावल्या तरी दाताखाली रेती करकरत होती. वीज गेली, कूलर थांबला. उकाड्यात तिघंही मोडक्या दिवाणावर बसलो. बाहेर कुणाचा तरी पत्रा धाडधाड आपटत होता, आणि तेव्हा तिने विहिरीचं सांगितलं. मैथिलीने विचारलं म्हणून. मी कधी विचारलं नव्हतं. माझ्या गावालाही विहिरी होत्या, मला वाटलं त्यात काय विचारायचं.

त्यांच्या मळ्यातली विहीर अरुंद होती. एका अंगाने दगडी पायऱ्या उतरत गेलेल्या आणि मध्येच एक शिळा पाण्यावर पुढे आलेली. उन्हाळ्यात भावकीतली सगळी पोरं त्या विहिरीत असायची. विनया सगळ्यांत थोरली, म्हणून सगळ्यांची आक्का. धाकट्यांच्या पाठीला वाळका भोपळा बांधून पोहायला शिकवायची ती हीच. त्या विहिरीचा एक कायदा होता. वरून उडी मारणाऱ्याने आधी ओरडून विचारायचं, "मोकळं हाय का?" खाली पायरीवर उभं असलेल्याने पाण्यात नजर फिरवायची आणि सांगायचं, "मोकळं हाय, ये." ते ऐकल्याशिवाय कुणी उडी टाकायची नाही. टाकली तर त्याला त्या दिवशी विहीर बंद.

"मम्मी, मग पायरीवर कोण असायचं?"

"कोण असणार? मीच."

"आणि तुला कोण सांगायचं?"

विनया पदराने वारा घेत होती. "मला कोण सांगणार? बाकीची सगळी बारकी. माझी पाळी आली की मीच बघायची आणि मीच उडी टाकायची. न बघता गेली आणि एखादं पोरगं मधी असलं म्हंजे?"

पत्रा आपटत होता. मला उगाच त्या सगळ्या रिकाम्या क्वार्टरी आठवत होत्या.

दुसऱ्या दिवशी तलावावर मी तिच्या लेनच्या बाजूला, थोडं मागे, कठड्यावर जाऊन बसलो. तिने दांडी धरली, अंग वर ओढलं. भोंग्याच्या ऐन आधी मी म्हणालो, "मोकळं हाय, ये."

ती गेली. मान गेली, हात गेले, पाठीची कमान झाली, आणि पाण्याला एकच भोक पडून सगळी बाई त्यात नाहीशी झाली. बुडकन आवाज आला नाही. वर आली ती नाकातोंडात पाणी जाऊन, खोकत, डोळे लाल झालेले. इतकी वर्षं ती पाण्यावर बसलेली, उताणी पाण्याखाली जायची तिच्या नाकाला सवय कुठली? मला वाटलं आता रडते. तर म्हणाली, "परत."

रणजितसिंहजींनी तिला नाकातून 'हूं' करत श्वास सोडायला शिकवलं आणि मला विचारलं, "भाईसाहब, ये कौन सा मंत्र है?" मी म्हणालो, विहिरीचा. पुढचे काही दिवस आमचे असे मजेत गेले की काय सांगू. मी बसायचो, सांगायचो, ती जायची. स्कूटरवरून येताना मी गाणी म्हणत होतो.

पण माझा आवाज परेडच्या मैदानावर घडलेला. कानात सांगायला गेलो तरी चार घरांत ऐकू जातो. एके सकाळी शेजारच्या लेनमध्ये शेखावत मॅडम दांडीला लटकलेल्या होत्या. मी म्हणालो, "मोकळं हाय, ये," आणि दचकून त्याच सुटल्या, भोंग्याच्या आधी. कोपर दोरीला घासून सोलपटलं. वर आल्या त्या संतापून. "फौजी साहब, ये स्विमिंग पूल है, बॉर्डर नहीं!" त्यांचं काही चुकीचं नव्हतं. रणजितसिंहजींनी मला बाजूला घेतलं आणि सांगितलं की सुरुवातीच्या वेळी टाचणी पडली तरी ऐकू येईल इतकी शांतता लागते, स्पर्धेत कुणी आवाज केला तर पंचायत होते, तेव्हा आजपासून तुम्ही कुंपणाच्या जाळीच्या पलीकडे.

जाळीच्या पलीकडून मला पुन्हा तो आवाज ऐकू आला. बुडकन. दुसऱ्या दिवशीही तेच, आणि तिसऱ्या दिवशीही.

आता रविवार तोंडावर आला होता. विनयाचं जेवण कमी झालं. हातातली भाकरी हातात ठेवून ती भिंतीकडे बघत बसायची, आणि मी समोर बसून तिच्या मानेकडे बघत बसायचो. मी एक ना अनेक युक्त्या काढल्या. टॉवेल हलवतो म्हणालो, तर ती म्हणाली, माझं तोंड भिंतीकडं असतं, टॉवेल कुणाला दावता? भोंग्याच्या खूप आधी, सगळ्यांच्या देखत एकदाच सांगून टाकतो म्हणालो. तेव्हा मात्र ती चिडली. विनया चिडली की आवाज खाली जातो.

"तुमच्या सांगण्यावर जायाला लागली तर जन्मभर तुम्हांला कडंला घेऊन फिराय लागंल. त्या दिवशी तुम्ही काय बी बोलायचं न्हाई. खोकायचं सुदीक न्हाई."

मला ते लागलं. खोटं कशाला सांगू, चांगलंच लागलं. मला वाटत होतं, चला, या वयात का होईना, मी हिच्या उपयोगी पडलो.

रविवारी सकाळी आम्ही निघालो. मैथिली तिच्या स्कूटरवर पुढे गेली. टपरीपाशी वळलो आणि मी पाठीतल्या बोटाची वाट बघितली. बोट आलं नाही. चौकात मी मुद्दाम गाडी सावकाश केली.

"काय झालं?" मागून आवाज आला.

"काही न्हाई," मी म्हणालो. गॅसचं मीच विचारणार होतो, पण बोलायची बंदी होती. मेट्रोच्या खांबांखालून जाताना मला सारखं वाटत होतं की काहीतरी घरी राहिलंय.

आदल्या संध्याकाळच्या धुळीने तलावाचा तळ तपकिरी दिसत होता. सकाळच्या बॅचमधले लोक पोहणं थांबवून कठड्यावर उभे होते. शेखावत मॅडमच्या कोपराला पट्टी होती. जाळीपाशी मला बघून त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. मीही माझ्या ओठांवर ठेवलं. मग त्या हसल्या, आणि दोघी पाण्यात उतरल्या.

विनयाने दांडी धरली. पाय लावले, एक घसरला, पुन्हा लावला. रणजितसिंहजींनी हात वर केला आणि सगळीकडे सामसूम झाली. "टेक युअर मार्क." दोघींनी अंग वर ओढलं. माझ्या घशापर्यंत ते शब्द आले होते. मी खांद्यावरचा गमछा तोंडात कोंबला, दोन्ही हातांनी जाळी धरली आणि तिच्या मानेकडे बघत राहिलो. ती हनुवटी हलली. डावीकडे, अगदी जराशी. आणि तिथेच थांबली.

भोंगा वाजला आणि मान मागे गेली.

दोघी बरोबरच पाण्याखाली गेल्या आणि बरोबरच वर आल्या. पुढचं मला बघायचीसुद्धा गरज नव्हती. बरोबरीने सुटली तर विनयाला कोण धरतंय. तरी मी बघितलं, जाळीला धरून, गमछा तोंडातच ठेवून. ती हातभर आधी टेकली. मैथिली ओरडत होती. शेखावत मॅडमनी दोरीवरून हात लांब करून विनयाचा हात धरला, आणि रणजितसिंहजी म्हणाले, "भाभीजी, सामान बाँधिए."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. धूळ होती म्हणावं तर तीही होती.

परत येताना टपरीपर्यंत मी दम धरला. मग विचारलंच. "मनातल्या मनात म्हणालीस का, मोकळं हाय म्हणून?"

"न्हाई."

"मग?"

तिने जरा विचार केला. "म्हणलं, असंल कोण मागं तर सरकंल बाजूला. सगळी मोठी झाल्यात आता."

मी गाडी चालवत राहिलो.

फाटक उघडलं आणि मला वास आला. विनया ओले केस सोडून बाहेरच्या पायरीवर टेकली होती, तिच्या नाकात अजून तलावाचं औषध असावं. मी कुलूप काढून झपाझप आत गेलो. ओट्यावर दुधाचं पातेलं होतं. दूध कधीच आटून गेलं होतं, पातेलं बुडापासून कडेपर्यंत काळं पडलं होतं, आणि खाली बारीक निळी ज्योत शांतपणे जळत होती. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. मी गॅस बंद केला. खिडक्या उघडल्या, पंखा लावला. पातेलं फडक्यात गुंडाळून दिवाणाखाली, मोडक्या पायामागे, आत सरकवलं. हात पोळले.

"काय जळलं का वो?" तिने बाहेरून विचारलं.

"शेजाऱ्यांचं असंल."

"आत सगळं बरं हाय न्हवं?"

मी स्वयंपाकघरात एकदा बघितलं, मैथिलीच्या खोलीत बघितलं, परत येऊन गॅसची कळ हाताने चाचपली. मग दारात जाऊन उभा राहिलो.

"मोकळं हाय," मी म्हणालो. "ये."